चेहरेपट्टी, जामीन आणि दाखला

मुलाची चेहरेपट्टी आजोबांवर गेली आहे, असे आपण घरात सहज बोलून जातो. पण हा शब्द मुळात घरातला नाही, दफ्तरातला आहे. पट्टी म्हणजे लेखी नोंद. चाकरीला आलेल्या माणसाचे कपाळ कसे, भुवया जुळलेल्या की सुट्या, नाक कसे, गालावर तीळ कुठे, जखमेचा व्रण कुठे, हे कारकुनाने कागदावर उतरवून घेतले की त्या माणसाची चेहरेपट्टी तयार होई. त्यानंतरच त्याचा पगार सुरू व्हायचा. आज कारखान्याच्या फाटकावर, छावणीच्या नाक्यावर किंवा विमानतळावर कामाला जाणाऱ्या माणसाकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. त्या दाखल्याचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

या कुळाचा शोध घ्यायचा तर आपल्याला फार लांब जावे लागत नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे औरंगाबाद झाले ते औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा, १६५३ मध्ये. २०२३ पासून त्याचेच अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. दख्खनच्या मोगली कारभाराचे हे मुख्य ठाणे, त्यामुळे कागदही इथेच साठले. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या राजवटीतले हे कागद पुढे कितीतरी वर्षे इथल्या किल्ले अर्कमध्ये पडून होते. १९१६ मध्ये निजाम सरकारने ते हैदराबादला हलवले, आणि तिथल्या पुराभिलेखागारात ते जपले गेले. त्यांची संख्या दीड लाखाच्या घरात जाते. त्यात एक मोठा गठ्ठा आहे तो ‘अर्ज-ओ-चेहरा’ या प्रकारातल्या कागदांचा. अर्ज म्हणजे फौजेची पाहणी, चेहरा म्हणजे माणसाचे वर्णन.

माणसाचे नाव, बापाचे नाव, जात किंवा टोळी, मूळ गाव, मग अंगाचा रंग आणि चेहऱ्यावरच्या खुणा. पाठोपाठ घोड्याचे वर्णन: रंग कोणता, पांढरा पट्टा कुठे, डाग कुठला. घोड्याला तापलेल्या लोखंडाने खूण करायची, त्याला ‘दाग’ म्हणत. ठराविक मुदतीने माणूस आणि घोडा पुन्हा पाहणीला उभे करायचे आणि जुन्या कागदाशी ताडून बघायचे, त्याला ‘तशीहा’ म्हणत. आपल्या ‘पडताळणी’ला याहून नेमका जुना प्रतिशब्द मिळणार नाही.

ही सगळी यातायात कशासाठी? कारण मोगलांची फौज बहुतांशी गुत्त्यावर चालायची. गुत्तेदार हा आपला मराठवाड्यातला शब्द. पुण्या-मुंबईकडे त्यालाच ठेकेदार किंवा कंत्राटदार म्हणतात. बादशहा शिपाई स्वतः भरती करत नसे. तो मनसबदार नेमायचा, आणि इतके स्वार बाळगीन या कबुलीवर मनसबदाराला जहागीर किंवा रोख रक्कम मिळायची. माणसे आणायची, घोडे आणायचे, त्यांना पोसायचे, हे सगळे त्याच्याकडे. आजच्या भाषेत तो मनुष्यबळ पुरवणारा मोठा गुत्तेदारच झाला. गुत्तेदार म्हटला की कागदावर शंभर आणि जागेवर साठ, ही चाल तेव्हाही होती. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी याने फार चिडून लिहून ठेवले आहे की, पाहणीच्या दिवशी पिंजारी, सुतार आणि भाजीवाले यांना उसन्या घोड्यांवर बसवून शिपाई म्हणून उभे केले जाते. चेहरा आणि दाग हा त्यावरचा उतारा. घोडा एकदा डागला की तो दुसऱ्याच्या नावावर दाखवता येत नाही, आणि नाकाजवळचा तीळ उसना आणता येत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही तपासणी निष्ठेची नव्हती. हा माणूस बादशहाच्या विरुद्ध आहे का, त्याच्या मनात काय आहे, त्याचा भाऊ कोणाकडे चाकरीला आहे, हे त्या कागदात विचारलेलेच नाही. विचारले आहे ते एवढेच, की काल आलेला माणूस तोच आज आला आहे का. दख्खनमध्ये तर सरदार आणि शिपाई सतत या गोटातून त्या गोटात जात. सिंदखेडच्या जाधवांसारखी मातब्बर मराठा घराणी निजामशाहीतही होती आणि मोगलांकडेही. मनातले तपासायला बसले असते तर फौज उभीच राहिली नसती. आणि दुसरे असे की, तपासणी समोरासमोर व्हायची. कागदात आपल्याबद्दल काय लिहिले आहे हे उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असे. तीळ आहे की नाही यावर वाद झाला तर तो तिथल्या तिथे मिटायचा.

निष्ठेचा प्रश्न मात्र होताच, आणि त्यावर मराठी राज्याने वेगळा तोडगा काढला होता. शिवाजी महाराजांच्या सैन्यात नवा माणूस ठेवायचा तर आधीच चाकरीत असलेल्या कोणीतरी त्याचा जामीन राहावे लागे. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही पद्धत नोंदवली आहे. जामीन हा शब्द आज ऐकला की आपल्याला कोर्ट आणि अटक आठवते. पण त्या काळी जामिनाशिवाय साधा व्यवहार हलत नव्हता. माणूस वेळेवर हजर राहील याचा हाजीर जामीन वेगळा. पैसा भरला जाईल याचा माल जामीन वेगळा. आणि माणूस नीट वागेल याचा फैल जामीन आणखी वेगळा. गावांनी एकमेकांची हमी घ्यायची त्याला साखळी जामीन म्हणत. साखळीतल्या एका गावाने दगा दिला तर भुर्दंड सगळ्यांवर.

जामीन पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा अजिबात हेतू नाही. ज्याला गावात कोणी ओळखत नाही, ज्याच्या जातीचा माणूस आधी चाकरीत नाही, त्याला जामीन कोण राहणार? तो दाराबाहेरच राहायचा. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसालाच आत घ्यायचे, हा या पद्धतीतला दोष उघड आहे, आणि आपल्याकडचा कुठलाही मुकादम आजही मजूर गोळा करताना जवळपास असेच करतो. पण या पद्धतीत एक चोख गोष्ट होती. हमी घेणारा डोळ्यांसमोर असे. त्याला नाव होते, घर होते, आणि त्याची हमी चुकली तर त्याला तोशीस पडत होती. कोणाच्या शब्दावर आपल्याला काम मिळाले, हे काम मागणाऱ्याला पक्के माहीत असे. कोणी शब्द दिला नाही म्हणून काम गेले, हेही त्याला कळे.

आता या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या गुत्तेदारांकडे येऊ. हे गुत्तेदार म्हणजे बंजारा समाजाचे नायक. फौज पोटावर चालते आणि दख्खनमध्ये फौजेच्या पोटाची सोय तांड्यांकडे होती. १६३२ च्या सुमारास पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने उत्तरेत एक तांडा पाहिला. त्यात १४ हजार बैल होते, सगळे धान्याने लादलेले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. बैलगाड्यांच्या वाटा नसलेल्या मुलखात हा माल बैलांच्या पाठीवरून जाई. बैल चरत चरत चालायचे, त्यामुळे वैरणीचा खर्च नाही. लढणाऱ्या दोन्ही फौजांना धान्य लागे, म्हणून दोघेही तांड्याला सहसा हात लावत नसत. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत आसफखानाने जंगी आणि भंगी या नायकांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, वाटेतल्या पाण्यावर आणि गवतावर हक्क दिला, दिवसाला तीन खूनही माफ केले, असे या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ताम्रपटातला शब्द न्‌ शब्द खरा मानायची गरज नाही. पण राज्यकर्त्याने आपल्याला मुलूखभर फिरण्याचा परवाना दिला, ही आठवण एखादा समाज अडीच-तीनशे वर्षे जपतो, ती उगाच नाही.

१८०३ मध्ये जनरल आर्थर वेलस्ली आपल्या भागात उतरला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. २९ ऑगस्टला तो औरंगाबादला पोचला आणि २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईला त्याची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. असईच्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे, तिच्यामागच्या तांदळाच्या गोण्यांवर फारसे कोणी बोलत नाही. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचा उल्लेख पदोपदी येतो. तांडे किती आहेत, कुठवर आले, त्यांच्याकडे धान्य किती, याची त्याला सतत चिंता. परमुलखात, पावसाळ्यात, हजारो माणसे घेऊन चाललेल्या सेनापतीने ज्यांच्यावर भिस्त ठेवली ते हे गुत्तेदार. त्यांच्याकडे ना चेहरेपट्टी होती ना दाखला. माल वेळेवर पोचतो, एवढीच त्यांची ओळख होती आणि ती पुरेशी होती.

आणि सत्तर वर्षांत चित्र पार उलटे झाले. इंग्रजांचा अंमल बसल्यावर फौजांच्या मोहिमा थांबल्या, त्यामुळे तांड्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले. मग पक्क्या सडका आल्या, रेल्वे आली. मनमाडहून औरंगाबाद, जालना करत हैदराबादकडे जाणारा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि उरलासुरला धान्याचा वाहतूक धंदाही बैलांच्या पाठीवरून उतरला. धंदा गेलेला फिरता माणूस सरकारच्या डोळ्यांत खुपू लागतो. काल ज्याच्या फिरण्यावर राज्य चालले, त्याचे फिरणेच आता संशयाचे कारण ठरले.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला. तो आधी उत्तरेत लागू झाला, १९११ च्या सुधारित कायद्याने देशभर पसरला, आणि निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीची व्यवस्था आली. एखादी जमात जन्माने गुन्हेगार आहे असे सरकारने गॅझेटमध्ये जाहीर केले की तिच्यातल्या माणसांची नोंदणी व्हायची, हजेरी घेतली जायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास लागे. कामासाठी परगावी जायचे तरी पास. पास नसताना सापडला तर शिक्षा. बंजारा, कैकाडी, पारधी, टकारी, भामटा अशा कितीतरी जमाती वेगवेगळ्या भागांत या जाळ्यात आल्या. शेजारच्या सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात वसाहतच उभी राहिली, तिला लोक सेटलमेंट म्हणत. तिथली माणसे गिरणीत कामाला जात आणि हजेरीला परत कुंपणात येत. म्हणजे मजूर हवा होता, पण त्याच्या मागे पोलिसांचा पास हवा होता.

या कायद्यात एक कलम होते, त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. जमातीला गुन्हेगार ठरवणारी अधिसूचना योग्य की अयोग्य, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाला काढता येणार नाही, असे कायद्यानेच सांगून टाकले होते. चेहरेपट्टीत चूक असेल तर शिपाई तिथेच भांडू शकत होता. जामिनाने शब्द फिरवला तर त्याच्या दारात जाता येत होते. इथे मात्र तुमच्याविषयी काय ठरले, कोणी ठरवले आणि कशावरून, हे विचारायला दारच ठेवले नाही. माणसाची पारख करायचा अधिकार सरकारला पूर्वीपासून होता. उत्तर न देण्याचा अधिकार त्याने लेखी घेतला तो बहुधा इथे.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. भटक्या-विमुक्तांमध्ये तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आणि त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, बंजारा समाजातले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, ते १९७५ पर्यंत. इतिहास कधी कधी असा चकवा देतो. पण कायदा रद्द झाला म्हणून ठाण्यातली वही रद्द होत नाही. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले. कायदा जाऊन पस्तीस वर्षे झाली तरी जन्माचा शिक्का माणसाचे काम कसे हिरावून घेतो, हे ते वाचल्यावर वेगळे समजवावे लागत नाही.

आता आपल्याच छावणीत येऊ. औरंगाबादची छावणी निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या घोडदळात उठाव झाला आणि तो निर्दयपणे मोडला गेला. क्रांती चौकाच्या नावात ती आठवण आहे. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी आपल्या फौजेत कोण विश्वासाचा आणि कोण नाही, याची जातवार आणि प्रांतवार यादीच धरली. भरवशाचा एकेक माणूस पारखायचे सोडून भरवशाच्या जाती पारखायच्या. पुढे याच विचाराने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली आणि पिढीजात लष्करी चाकरी करणाऱ्या हजारो घरांचा रोजगार गेला. त्यांच्या निष्ठेवर कोणी बोट ठेवले नव्हते. पारखायचे मापच बदलले होते.

लष्कराचे बांधकाम करणारे खाते म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, लोक ज्याला एमईएस म्हणतात. त्याची स्थापना १९२३ ची. सरकारी गुपिते कायदाही १९२३ चाच, आणि छावणीत राजद्रोही वाटणाऱ्या माणसाला हद्दपार करण्याचा अधिकार देणारा छावणी कायदा १९२४ चा. दोन वर्षांत ही तिन्ही गोष्टी घडल्या. छावणीतल्या बराकी बांधणारा, रंगवणारा, नळ दुरुस्त करणारा गुत्तेदार त्या तिन्हींच्या मध्ये उभा राहिला. एमईएसच्या यादीत नाव घालायचे तर कामाचा अनुभव लागतो, बँकेची पत लागते आणि पोलिसांचा पडताळणी अहवाल लागतो. पहिल्या दोन गोष्टी त्याने कमवायच्या, तिसरी त्याच्याबद्दल दुसऱ्याने लिहायची.

इतके झाल्यावर काम मिळते, पण गंमत पुढेच आहे. या खात्याच्या कंत्राटाच्या छापील अटींमध्ये असे म्हटले आहे की, गुत्तेदाराने फक्त भारतीय नागरिकच कामावर ठेवावेत आणि तेही त्यांची पूर्वपीठिका व निष्ठा तपासून. निष्ठा हा शब्द तिथे खरोखरच आहे. म्हणजे पैठण गेटवरून सकाळी गाडीत बसवून आणलेल्या गवंड्याची देशनिष्ठा तपासायची ती गुत्तेदाराने. कशी तपासायची, हे कोणी सांगत नाही. तो बिचारा आधार कार्डाची प्रत घेतो, मुकादमाला विचारतो ‘ओळखीचा आहे ना?’, आणि मुकादम ‘आहे’ म्हणतो. नीट पाहिले तर हा जुना फैल जामीनच झाला. त्याच अटींमध्ये आणखी एक आहे. एखाद्या माणसाला कामावरून काढा असे अधिकाऱ्याने सांगितले तर गुत्तेदाराने तो काढायचा, कारण सांगण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. लष्करी हद्दीत एवढी सावधगिरी हवी, हे मला मान्य आहे. दारूगोळ्याच्या कोठाराशेजारी कोण वावरतो हे पाहिलेच पाहिजे. माझे बोट कारण न सांगण्यावर आहे. कारण दडवायची सोय असली की ती गरज नसतानाही वापरली जाते.

याचे उदाहरण १९८३ च्या एका खटल्यात सापडते. मध्य प्रदेशात रामशंकर रघुवंशी नावाचे शिक्षक होते. त्यांची शाळा सरकारने ताब्यात घेतली, ते सरकारी नोकर झाले, आणि मग पोलिसांचा अहवाल आला की ते पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आणि जनसंघाच्या कार्यात भाग घेत होते. नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयात न्या. चिनप्पा रेड्डी यांनी सरकारची चांगलीच कानउघाडणी केली. तरुणपणीच्या राजकारणावरून, तेही कायदेशीर पक्षाच्या, माणसाची भाकरी काढता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. हे न्यायमूर्ती संघाच्या विचारांचे मुळीच नव्हते, म्हणून त्या निकालाला जास्त वजन आहे. हाच न्याय दुसऱ्या टोकाच्या विचारांच्या माणसालाही लागू पडतो, हे वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथे एकेका पिढीचे आंदोलन वेगळे असते आणि प्रत्येक आंदोलनाच्या मागण्यांच्या यादीत शेवटी एक ओळ ठरलेली असते: आंदोलकांवरचे गुन्हे मागे घ्या. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षे चालला. ९ ऑगस्ट २०१८ च्या महाराष्ट्र बंदच्या वेळी वाळूज औद्योगिक वसाहतीत अनेक कारखान्यांची तोडफोड झाली, गुन्हे दाखल झाले. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, तेव्हाही गुन्हे मागे घेण्याची मागणी पुढे होती. शहरातल्या वाचकाला वाटते, ही पुढाऱ्यांची मागणी असेल. पुढाऱ्याला गुन्ह्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो बाविशीच्या पोराला. ज्याने तोडफोड केली त्याला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण जमावात उभा होता म्हणून ज्याचे नाव आले, त्याचा खटला दहा वर्षे चालतो, आणि तेवढा काळ चारित्र्य दाखल्यावर ‘गुन्हा प्रलंबित’ असा शेरा राहतो. असा शेरा असलेल्या पोराला कोणता गुत्तेदार वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात पाठवेल? गुत्तेदाराला कंपनीत तोंड दाखवायचे असते. खासगी सुरक्षा रक्षकाच्या नोकरीचीही तीच गत. महाराष्ट्रात १९८१ पासून रक्षकांसाठी कायदा आहे, केंद्राचा २००५ चा कायदा त्यावर आला, आणि पूर्वचारित्र्याची पडताळणी झाल्याशिवाय रक्षक नेमता येत नाही. तिथे मात्र निदान शेरा दिसतो. खटला निकाली निघाला की तो बदलून घेता येतो.

शेरा दिसतच नाही अशी जागा म्हणजे विमानतळ. चिकलठाण्याचा असो की मुंबईचा, विमानापर्यंत सामान नेणारी, शिडी लावणारी, विमान झाडणारी माणसे सहसा कंत्राटी कंपन्यांची असतात, आणि त्या कंपन्यांना नागरी विमान सुरक्षा ब्यूरोची मंजुरी लागते. ती मंजुरी गेली की दुसऱ्या दिवशी काम बंद. माजी सैनिकांच्या नावाने चालणाऱ्या एका कंपनीची, एक्स-आर्मीमेन्स प्रोटेक्शन सर्व्हिसेसची, मंजुरी काढून घेतली गेली तेव्हा कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. माजी सैनिकांच्या निष्ठेबद्दल शंका, ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. २०१४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर बाधित माणसाला म्हणणे मांडण्याची संधी देण्याचा नियम बाजूला ठेवता येतो. सरकारची फाइल न्यायालय मागवून पाहू शकते, पण कारण कंपनीला सांगितलेच पाहिजे असे नाही.

हे बंद पाकीट पुढे फार बोकाळले. ५ एप्रिल २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने एका मल्याळी वृत्तवाहिनीच्या प्रकरणात त्याला लगाम घातला. सुरक्षा मंजुरी नाकारली म्हणून त्या वाहिनीचे प्रक्षेपण बंद झाले होते, आणि कारण उच्च न्यायालयात बंद पाकिटातून दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द नुसता उच्चारला की काम झाले, असे नाही. तसा धोका आहे हे दाखवावे लागेल, आणि तपास यंत्रणेचा प्रत्येक अहवाल गुप्त मानता येणार नाही.

दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा आली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष झाला, तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, आणि १५ मे रोजी चेलेबी या तुर्की मूळच्या कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द झाली. ही कंपनी मुंबई आणि गोव्यातील मोपासह देशातल्या नऊ विमानतळांवर सामानाची आणि जमिनीवरची कामे पाहत होती. दिल्ली उच्च न्यायालयात कंपनी म्हणाली, आम्हाला कारण सांगितले नाही, बाजू मांडू दिली नाही. न्यायालयाने बंद पाकिटातला मजकूर स्वतः वाचला आणि ७ जुलै २०२५ रोजी याचिका फेटाळली. अशा वेळी सरकारने तातडीने पाऊल उचलणे गैर होते, असे मला म्हणवत नाही. पण या कंपनीकडे भारतात हजारो माणसे कामाला होती, आणि ती जवळजवळ सगळी भारतीय होती. मुंबईत कुर्ला-अंधेरीच्या वस्त्यांतून रात्रपाळीला येणारी, लोकलची वेळ चुकू नये म्हणून धावणारी. त्यांच्या स्वतःच्या पडताळणीत काहीही वावगे निघाले नव्हते.

मुंबई विमानतळाच्या व्यवस्थापनाने या कामगारांना त्याच अटींवर दुसऱ्या कंपन्यांत घेण्याचे जाहीर केले, ते बरे झाले. मात्र विमानतळात शिरण्याचा परवाना कामगाराला कंपनीमार्फत मिळतो. मालक बदलला की जुना परवाना परत करायचा आणि नव्या कंपनीच्या नावाने पुन्हा अर्ज करायचा. अर्जावर नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, फोटो आणि राहत्या भागातील पोलीस ठाण्याचा अहवाल.